पदरात घातलेली लेकरे : आपत्ती, संस्था आणि आईबापांची संमती

आपत्तीनंतर सेवाभावी संस्थांनी बाधित मुलांना गावातून नेऊन दूरच्या वसतिगृहात, आश्रमात किंवा बालगृहात ठेवणे ही महाराष्ट्राला अपरिचित गोष्ट नाही. अशा कार्याचे अहवाल लिहिले जातात तेव्हा किती धान्य वाटले, किती ताडपत्र्या दिल्या, किती रुग्ण तपासले आणि किती मुलांची सोय केली, असे आकडे एकाखाली एक मांडले जातात; त्या मांडणीत एक मूलभूत फरक मात्र झाकला जातो. धान्य आणि ताडपत्री बाहेरून गावात येते, मूल गावातून बाहेर जाते. येणाऱ्या वस्तूला कोणाची परवानगी लागत नाही, जाणाऱ्या मुलाला ती लागते. ती परवानगी कोणी दिली, कोणत्या मनःस्थितीत दिली, कोणत्या शब्दांत दिली आणि एकदा दिल्यावर ती परत घेण्याची वाट उघडी राहिली की नाही, हा या ग्रंथाचा विषय आहे. आणि त्याच्याकडे मुंबईतल्या आरे कॉलनीच्या आदिवासी पाड्यांच्या बाजूने का पाहायचे, याचेही उत्तर या प्रस्तावनेत यथावकाश यायचे आहे.

प्रारंभी दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. 'पालक' हा शब्द मराठीत आईवडिलांसाठी सर्रास वापरला जातो, पण कायद्यात त्याचा अर्थ मुलाच्या शरीराची किंवा संपत्तीची, अथवा दोन्हींची, जबाबदारी ज्याच्यावर आहे अशी व्यक्ती असा होतो, आणि ती व्यक्ती जन्मदाती असेलच असे नाही. 'संमती' ही दुसरी संज्ञा वरवर पाहता सोपी वाटते, परंतु १८७२ च्या भारतीय करार कायद्याने तिची केलेली व्याख्या या विषयाच्या मुळाशी नेणारी आहे. दोन व्यक्ती एकाच गोष्टीला एकाच अर्थाने राजी होतात तेव्हाच संमती झाली असे तो कायदा मानतो, आणि ती बळजबरीने, गैरवाजवी दडपणाने, फसवणुकीने, चुकीच्या माहितीने किंवा गैरसमजातून मिळालेली नसेल तरच तिला मुक्त संमती म्हणतो. गैरवाजवी दडपण म्हणजे केवळ धाकदपटशा नव्हे. वय, आजार अथवा मानसिक किंवा शारीरिक क्लेश यांमुळे ज्याची विचारशक्ती तात्पुरती किंवा कायमची क्षीण झाली आहे, अशा माणसाशी व्यवहार करणारा दुसरा पक्ष त्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत आहे असे त्या कायद्याचे सोळावे कलम धरून चालते, आणि तो व्यवहार डोळ्यांना अन्याय्य दिसत असेल तर तो दडपणाने झाला नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या बलवान पक्षावर टाकते. मूल ही कराराची वस्तू नाही, तेव्हा हे कलम मुलांच्या बाबतीत जसेच्या तसे लागू करता येणार नाही. तरीही दीडशे वर्षांपूर्वी जमिनीच्या आणि कर्जाच्या व्यवहारांसाठी जी काळजी कायद्याला घ्यावीशी वाटली, तेवढी तरी लेकराच्या बाबतीत घ्यायला हवी, अशी अपेक्षा करणे अवाजवी ठरू नये. घराच्या ढिगाऱ्याशेजारी बसलेल्या, दोन दिवसांपूर्वी घरातली माणसे जाळलेल्या बापाइतका मानसिक क्लेश आणखी कोणाला असू शकतो?

महाराष्ट्रातले या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरण किल्लारीचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेली असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यांच्यावरचे मातीचे जड धाबे, उन्हापासून घर थंड राखणारी ही मराठवाड्याची पारंपरिक बांधणी, झोपलेल्या माणसांवर कोसळली. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, एकोंडी अशी गावे भुईसपाट झाली आणि पुढे ५२ गावांचे नव्या जागी संपूर्ण पुनर्वसन करावे लागले. हजारो कुटुंबांत आई किंवा बाप, किंवा दोघेही उरले नाहीत, आणि जे उरले ते पत्र्याच्या शेडमध्ये पंचनाम्याची वाट पाहत बसले.

या परिस्थितीत मुलांसाठी जे काम उभे राहिले त्याच्या दोन वाटा एकमेकींशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली, आणि या उपक्रमातून वाघोली येथे शैक्षणिक पुनर्वसनाचे मोठे केंद्र उभे राहिले. पुण्याच्या शाळा, नियमित जेवण, निवास आणि पुढच्या शिक्षणाची शाश्वती हे त्या कामाचे बळ होते, आणि त्या मुलांतल्या अनेकांच्या आयुष्याला त्यामुळे जी दिशा मिळाली ती नाकारण्याचे कारण नाही. दुसरी वाट राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेतले पन्नालाल सुराणा यांनी धरली. त्यांच्या पुढाकाराने भूकंपात पोरकी झालेल्या मुलांसाठी नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभे राहिले, म्हणजे ज्या मुलखात आपत्ती घडली त्याच मुलखात, जिथून आजी किंवा चुलता सकाळच्या एस.टी.ने येऊन मुलाला भेटून संध्याकाळी आपल्या गावी परतू शकेल अशा अंतरावर. किल्लारीपासून पुणे तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. हा फरक शिक्षणाच्या दर्जाचा किंवा कार्यकर्त्यांच्या तळमळीचा नाही, आणि दोन्ही संस्थांपैकी कोणावरही आक्षेप घेण्याचा हेतू येथे नाही. दोन्हीकडे माणसे निष्ठेने राबली. परंतु संमतीचा विचार करताना अंतर हा निर्णायक घटक ठरतो, कारण मुलाला भेटायला जाण्याचा खर्च आणि मजुरीचा बुडालेला दिवस हीच गरीब आईच्या संमतीची खरी किंमत असते. मुलाचे वजन घटले आहे, मूल रात्री रडते, त्याला घरी यायचे आहे, हे ज्या आईला कळूच शकत नाही तिने पहिल्या दिवशी दिलेला होकार केवळ त्या दिवसापुरता खरा असतो.

मराठी भाषेतच ही गोष्ट नेमकी सांगण्याची सोय आहे. मराठवाड्यातली आई 'लेकरू शिकायला ठेवलं' असे म्हणते तेव्हा 'ठेवणे' या क्रियापदात परत घेणे गृहीत असते. धान्य कोठारात ठेवतात, दागिना तिजोरीत ठेवतात, आणि ठेवलेली वस्तू ठेवणाऱ्याचीच राहते. 'दिले' हे क्रियापद निराळे आहे. कन्या दिली जाते, दत्तक दिले जाते, दान दिले जाते, आणि त्यानंतर देणाऱ्याचा हक्क संपतो. या दोहोंच्या मध्ये 'पदरात घालणे' हा एक भारदस्त प्रयोग आहे, ज्यात मूल सोपवले जाते, विश्वास टाकला जातो, पण नाते तोडले जात नाही. पदर ज्याचा त्याच्यावर जबाबदारी येते, मालकी येत नाही. आपत्तीच्या वेळी आईबाप बहुधा पहिल्या किंवा तिसऱ्या अर्थाने बोलत असतात आणि ऐकणारी संस्था अनेकदा दुसऱ्या अर्थाने ऐकते. करार कायद्यातली 'एकाच गोष्टीला एकाच अर्थाने' ही अट नेमकी येथे मोडते, आणि ती मोडताना कोणीही खोटे बोललेले नसते. अंगठा उठवलेला कागद दोघांपाशी सारखाच असतो, पण त्याच्या एका बाजूला 'ठेवले' लिहिलेले असते आणि दुसऱ्या बाजूला 'दिले'.

सार्वजनिक जीवनातल्या भाषेने हा घोळ वाढवला आहे. गाव दत्तक घेणे, शाळा दत्तक घेणे, बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या दत्तक घेणे, असे प्रयोग मराठीत रूढ झाले आहेत, आणि शाळकरी मुलींच्या खर्चासाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाने सुरू झालेल्या सरकारी योजनेलाही 'दत्तक पालक' असेच नाव आहे. या सर्व ठिकाणी दत्तक म्हणजे खर्चाची जबाबदारी, एवढाच अर्थ असतो आणि ऐकणाऱ्यांना तो कळतोही. मात्र दरडीखाली घर गमावलेल्या आजीसमोर एखादा पाहुणा 'आम्ही या मुलांना दत्तक घेतो' किंवा 'यांचे पालकत्व स्वीकारतो' असे म्हणतो तेव्हा तो वह्या-पुस्तकांच्या खर्चाबद्दल बोलतो आहे की तिच्या नातवाला कायमचे नेण्याबद्दल, हे तिने कशावरून ओळखायचे? भारतात दत्तक हे न्यायिक किंवा वैधानिक प्रक्रियेने घडणारे नाते आहे आणि पालकत्व हे न्यायालय बहाल करू शकते असे पद आहे. जाहीर सभेत किंवा मदत छावणीत उच्चारलेल्या वाक्याने दोहोंपैकी काहीही घडत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, त्यानंतर तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तिथल्या अनाथ मुलांचे पालकत्व स्वीकारत असल्याचे जाहीर केले आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेण्याचे आश्वासन दिले. ती घोषणा आधार देणारी होती. तिचा अर्थ आर्थिक जबाबदारी असा घ्यायचा, हे सुशिक्षित वाचकाला उमगते. वाडीतल्या ठाकर कुटुंबाला ते उमगावे यासाठी कोणीतरी शेजारी बसून, त्यांच्या बोलीत, दोन वेळा समजावून सांगावे लागते.

मुलांना आपत्तीतून नेण्याचा महाराष्ट्रातला इतिहास किल्लारीपासून सुरू होत नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले होते, आणि तो अनुभव गाठीशी असलेल्या रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या व तिथल्या उपाशी मुली आणि विधवा त्यांनी पुण्याकडे आणल्या. त्यांतूनच केडगावचे मुक्ती मिशन विस्तारले. त्या मुलींपैकी अनेकींना त्या वेळी दुसरा कोणताही आसरा नव्हता, आणि रमाबाई पोहोचल्या नसत्या तर त्यांतल्या कित्येक जणी जगल्या नसत्या, हे या कामाचे मूल्यमापन करताना आधी मान्य केले पाहिजे. परंतु त्याआधी तीन-चार वर्षे, १८९३ मध्ये, रमाबाईंच्याच पुण्यातल्या शारदा सदनात संमतीचाच प्रश्न उग्रपणे उभा राहिला होता. सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो आहे असा आक्षेप घेऊन सल्लागार मंडळावरच्या न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. या वादाकडे सामान्यतः धर्मांतराचा वाद म्हणून पाहिले जाते, आणि तो तसा होताही. पण संमतीच्या दृष्टीने त्यात लक्षात घेण्याजोगी बाब अशी की त्या पालकांना मुली परत नेता आल्या. त्यांना पत्ता माहीत होता, प्रवास परवडत होता, वर्तमानपत्रे त्यांची बाजू मांडत होती. मध्य प्रांतातल्या दुष्काळी खेड्यांतून आलेल्या मुलींच्या मागे असे कोणीही उभे नव्हते. संमती मागे घेण्याचा हक्क कागदावर दोघांनाही सारखा असला, तरी तो वापरण्याची ऐपत एका गटापाशी होती आणि दुसऱ्यापाशी नव्हती, आणि आपत्तीत नेहमी हा दुसराच गट असतो.

याच मुद्द्याचा पडताळा महाराष्ट्राबाहेरही आला आहे. १२ जानेवारी २०१० च्या हैतीतल्या भूकंपानंतर तीनच आठवड्यांच्या आत अमेरिकेतल्या एका बाप्टिस्ट गटाचे दहा जण ३३ मुलांना घेऊन डॉमिनिकन प्रजासत्ताकाची सीमा ओलांडण्याच्या प्रयत्नात पकडले गेले. ही मुले अनाथ असल्याचे सांगण्यात आले होते, पण चौकशीत त्यांतल्या बहुतेकांचे आई किंवा वडील, किंवा दोघेही, हयात असल्याचे निघाले; आणि या प्रकरणातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट अशी की अनेक आईबापांनी मुले स्वखुशीने दिली होती. मुलांना शाळा मिळेल, खेळायला जागा मिळेल आणि भेटायला येता येईल, असे त्यांना सांगण्यात आले होते. संमती नव्हती म्हणून हे प्रकरण चुकले, असे म्हणता येत नाही. संमती होती, तरीही ते चुकले, कारण ज्या गोष्टीला आईबाप राजी झाले ती आणि जी घडत होती ती, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. त्याआधी २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या सरकारने आचे प्रांतातल्या सोळा वर्षांखालील मुलांना आईवडिलांशिवाय प्रांताबाहेर नेण्यास बंदी घातली होती, आणि पुढे तिथल्या बालगृहांची पाहणी झाली तेव्हा त्यांतल्या बहुसंख्य मुलांचा निदान एक पालक जिवंत असल्याचे आणि शिक्षणाच्या आशेने घरच्यांनीच त्यांना तिथे ठेवल्याचे आढळले. आपत्तीने मुले अनाथ झाली म्हणून बालगृहे भरली, अशी सर्वसाधारण समजूत असते. बऱ्याच ठिकाणी शाळा आणि भाकरी केवळ बालगृहात मिळू लागल्या, म्हणून आईबापांनी मुले तिथे पोहोचवली.

भारतीय कायदा या प्रश्नाच्या जवळ हळूहळू आला. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला डिसेंबर १९९२ मध्ये मान्यता दिली, म्हणजे किल्लारीच्या आधी जेमतेम दहा महिने. मुलाला त्याच्या आईवडिलांपासून त्यांच्या इच्छेविरुद्ध वेगळे करता कामा नये, हे त्या संहितेचे नववे कलम सांगते. २९ मे १९९३ रोजी हेग येथे आंतरदेशीय दत्तकासंबंधीचा करार झाला आणि त्यात संमती लेखी असावी, मोबदल्याच्या आमिषाने मिळवलेली नसावी, आणि ती देणाऱ्याला तिचे परिणाम आधी समजावून सांगितलेले असावेत, अशा अटी घातल्या गेल्या. भूकंपाच्या वेळी देशात १९८६ चा बाल न्याय कायदा अस्तित्वात होता, पण मदत छावणीतून जाणाऱ्या मुलाच्या बसपर्यंत त्याचा हात पोहोचण्याची व्यवस्था नव्हती. आज लागू असलेला २०१५ चा बाल न्याय कायदा बराच स्पष्ट आहे. नैसर्गिक आपत्तीने बाधित मूल हे 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' या व्याख्येत तो धरतो, पालकांपासून दुरावलेले मूल आढळल्यास चोवीस तासांच्या आत कळवणे बंधनकारक करतो आणि तसे न करणाऱ्याला शिक्षा सांगतो. मुलाबद्दल निर्णय घेण्याचा अधिकार 'बालकल्याण समिती'कडे, म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य असलेल्या जिल्हा पातळीवरच्या न्यायसदृश मंडळाकडे, दिलेला आहे. आईबापांना मूल कायमचे सोडायचे असेल तर ते या समितीपुढे लेखी करावे लागते, आणि त्यानंतर फेरविचारासाठी त्यांना दोन महिने मिळतात. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, हे तत्त्वही या कायद्यात नोंदलेले आहे.

तरीही एक फट उरते, आणि हा विषय नेमका त्या फटीत राहतो. चोवीस तासांचा नियम दुरावलेल्या, बेवारस मुलासाठी आहे. ज्याची आई शेजारी उभी राहून 'घेऊन जा' म्हणते ते मूल दुरावलेले ठरत नाही. फेरविचाराचे दोन महिने मूल कायमचे सोडणाऱ्यासाठी आहेत. शिकायला ठेवणाऱ्या आईला ते लागू होत नाहीत. संस्थेने स्वतःला बालगृह न म्हणता वसतिगृह किंवा निवासी शाळा म्हटले, की नोंदणीचा प्रश्नही धूसर होतो. तमिळनाडूतल्या अनाथालयांमधल्या शोषणाच्या तक्रारींवरून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये काळजीची गरज असलेल्या बालकाची व्याख्या व्यापकपणे वाचावी आणि सर्व संस्थांची नोंदणी करून घ्यावी असा निर्णय दिला, त्यामुळे ही फट काहीशी अरुंद झाली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, अनाथ मुले दत्तक घेण्याची आवाहने मोबाइलवरून फिरू लागली, तेव्हाही न्यायालयाने बेकायदा दत्तकाविरुद्ध कारवाईचे आदेश दिले. याच काळात महाराष्ट्राने जे केले त्याला या विषयात विशेष महत्त्व आहे: दोन्ही पालक गमावलेल्या मुलाच्या नावे पाच लाख रुपयांची ठेव, आणि नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलासाठी बालसंगोपन योजनेतून दरमहा अनुदान. पैसा मुलाच्या घराकडे गेला, मूल पैशाकडे गेले नाही. या योजनेतली रक्कम तुटपुंजी आहे आणि ती मिळण्यास लागणारा विलंब हा तिचा मोठा दोष आहे. पण मावशीला दरमहा मदत मिळणार असेल तर 'लेकरू घेऊन जा' हे वाक्य तिच्या तोंडून येण्याची शक्यता घटते, आणि तरीही ते आले, तर ती खरी संमती असण्याची शक्यता वाढते.

हे सर्व आरे कॉलनीच्या बाजूने पाहण्याचे कारण असे की शहराच्या पोटात असूनही आरेतले पाडे या प्रश्नाच्या अनेक धाग्यांची गाठ आहेत. गोरेगाव पूर्वेला १९४९ मध्ये दुग्धवसाहत उभारली गेली, त्याच्या आधीपासून तिथे वारली, मल्हार कोळी, कोकणा अशा जमातींची वस्ती होती. केलटीपाडा, खांबाचा पाडा, नवशाचा पाडा, जीवाचा पाडा, चाफ्याचा पाडा असे सुमारे २७ पाडे आजही तिथे मोजले जातात. मेट्रोच्या कारशेडसाठी प्रजापूरपाड्यातली कुटुंबे हलवून त्यांना झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत घरे देण्यात आली, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे एका रात्री-दिवसात तोडली गेली, तेव्हा सबंध देशाने आरेचे नाव ऐकले. इथे किल्लारीसारखी आपत्ती झालेली नाही. मात्र आरेच्या चारी बाजूंनी उपनगरांतल्या टेकड्यांचा उतार मृत्यूने ओळखीचा करून ठेवला आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि साकीनाक्याला दरडीखाली वस्ती गाडली गेली. जुलै २०१९ च्या पहिल्या रात्री मालाड पूर्वेच्या पिंपरीपाडा-आंबेडकर नगरात पालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर पडून तीसच्या आसपास माणसे गेली. जुलै २०२१ मध्ये चेंबूरच्या भारतनगरात आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात तेच घडले. या वस्त्यांतल्या मुलांचा प्रश्न किल्लारीहून आकाराने लहान, पण जातीने तोच आहे.

आरेतल्या आदिवासी मुलाच्या बाबतीत संमतीचा प्रश्न कायद्याच्या पातळीवरही निराळा होतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ आधी वडील आणि त्यांच्यानंतर आई असा नैसर्गिक पालकांचा क्रम सांगतो, परंतु केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज अनुसूचित जमातींना तो लागूच होत नाही. तेव्हा वारली मुलाचा पालक कोण, याचे उत्तर जमातीच्या रूढीत आणि १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली न्यायालय काय ठरवील त्यात शोधावे लागते. आई मजुरीला, बाप दुसऱ्या पाड्यात, मूल आजीच्या चुलीजवळ, अशा घरात मूल कोणाचे, याबद्दल पाड्याला कधी संशय नसतो, कागदाला असतो. मदत घेऊन येणारी संस्था बहुधा कागदाला विचारते, म्हणजे आधार कार्डावर ज्याचे नाव आहे त्याची सही घेते, आणि ज्या आजीने मूल वाढवले तिला बसमध्ये बसलेल्या मुलाकडे पाहत उभे राहावे लागते. अशा घरात एकट्या माणसाची सही संमतीला पुरेशी मानणे हे कायद्याने चूक ठरो अथवा न ठरो, न्यायाने चूक आहे. पाड्यातली जाणती माणसे, मूल प्रत्यक्ष सांभाळणारी व्यक्ती आणि वयानुसार मूल स्वतः, या सर्वांसमोर बोलणे व्हावे, एवढी अपेक्षा कोणत्याही प्रामाणिक संस्थेला जड जाऊ नये.

अंतराचा मुद्दाही येथे वेगळ्या रूपात येतो. आरेपासून मानखुर्दचे मोठे बालगृह नकाशावर वीसेक किलोमीटरच असेल, पण पाड्यातल्या आईला तिथे जायचे तर आधी बसने गोरेगाव, तिथून हार्बरने वडाळा, तिथे गाडी बदलून मानखुर्द, आणि आत शिरताना दारावर ओळखपत्र, अर्ज, भेटीची वेळ. घरकाम किंवा बिगारी करणाऱ्या बाईला यासाठी दिवस मोडावा लागतो. तीनशे किलोमीटरवरच्या वाघोलीइतकेच हे वीस किलोमीटर तिला लांब होऊ शकतात. म्हणून संमतीपत्रात नाव-गाव-वयाच्या रकान्यांबरोबर भेटीचा वार, प्रवासखर्च कोण देणार, मूल घरी यायचे म्हणाले तर कोणाला सांगायचे आणि किती दिवसांत ते घरी पोहोचवले जाईल, हे रकानेही असावेत, असा आग्रह या ग्रंथात धरला आहे. तो कारकुनी वाटेल. पण एका वाक्याच्या होकाराचे रूपांतर टिकणाऱ्या नात्यात करणारी दुसरी कोणतीही यंत्रणा आजवर दिसलेली नाही.

याविरुद्ध एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. छावणीत मुलींना धोका असतो, मुलांची विक्री करणारे दलाल आपत्तीचीच वाट पाहत असतात, थंडी आणि पाऊस कोणाच्या फेरविचाराची वाट पाहत नाहीत. अशा वेळी कागद, समिती आणि पंचांची बैठक यांत घालवलेला प्रत्येक तास मुलाच्या जिवावर बेतू शकतो, असे प्रत्यक्ष काम करणारे कार्यकर्ते सांगतात. ते खरे आहे. जीव वाचवण्यासाठी मुलाला तातडीने हलवणे आणि त्याला वर्षानुवर्षे दुसरीकडे वाढवणे, या दोन क्रिया मात्र वेगळ्या आहेत, आणि पहिलीसाठी मिळालेली किंवा गृहीत धरलेली संमती दुसरीसाठी वापरली जाणे, हेच बहुतेक प्रकरणांचे मूळ असते. पहिली रात्र कोणाच्याही परवानगीवाचून निभवावी लागेल. दहाव्या दिवशी, अंत्यविधी आटोपल्यावर, पंचनामा झाल्यावर, आईला पुन्हा विचारले पाहिजे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा. मूल शिकून मोठे झाले, नोकरीला लागले, याचा दाखला देऊन आधीच्या संमतीचे समर्थन करण्याची पद्धत आहे. परंतु परिणाम चांगला निघणे आणि विचारून केलेले असणे, यांतली एक गोष्ट दुसरीची भरपाई करत नाही.

इर्शाळवाडीकडे पुन्हा वळले असता या विषयाची सर्वांत अवघड बाजू समोर येते. त्या रात्री वाडीतली बरीच मुले वाचली, कारण ती वाडीत नव्हती. ती आश्रमशाळांत होती, म्हणजे आदिवासी विकास विभागाच्या किंवा अनुदानित संस्थांच्या त्या निवासी शाळांत, जिथे डोंगरावरच्या वाड्यांतली मुले वर्षातले बहुतेक महिने राहतात. आईबापांनी त्यांना शिकायला ठेवले होते, याच शब्दांत, याच अर्थाने. मूल डोंगरावरून खाली पाठवताना त्यांनी जी संमती दिली ती मुक्त होती, समजून दिलेली होती आणि सुट्टीत मुले घरी येत होती म्हणून ती प्रत्येक दिवाळीला आणि मे महिन्यात नव्याने दिली जात होती. २० जुलैच्या सकाळी ती संमती देणारी माणसे मातीखाली होती आणि मुले शाळेत. ज्यांनी ठेवले तेच उरले नाहीत, तेव्हा ठेवलेले मूल कोणाचे, आणि 'आता घरी ने' असे म्हणण्याचा हक्क कोणाकडे गेला: चौकजवळच्या तात्पुरत्या निवाऱ्यात राहायला आलेल्या चुलत्याकडे, आश्रमशाळेच्या अधीक्षकाकडे, बालकल्याण समितीकडे, की खर्चाची जबाबदारी घेणाऱ्यांकडे? कायदा समितीचे नाव घेईल. वाडीतली माणसे चुलत्याचे घेतील. त्या मुलांपैकी जी थोडी मोठी होती, त्यांना कोणी विचारले असते तर त्यांनी कोणाचे नाव घेतले असते, हा प्रश्न या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणापर्यंत सोबत राहणार आहे.